गोचिडीला बुरशी लागते तेव्हा

काजूचा हंगाम सुरू झाला की दोडामार्ग, बांदा, पलीकडे गोव्यातली सत्तरी आणि खाली शिमोगा इथून माकडतापाच्या बातम्या यायला लागतात. २०२४ च्या सुरुवातीला कर्नाटकात या तापाने माणसं दगावली. देशावर तक्रार वेगळी. तिथे संकरित गाई गोचीडतापाने बसतात, दूध आटतं आणि डॉक्टरचं बिल वाढत जातं. दोन्हीच्या मुळाशी गोचीडच. आणि दोन्ही वेळा मोबाइलवर एक मेसेज हमखास फिरतो: केमिकल सोडा, मेटारायझियम मारा, गोचीड मुळासकट जाईल.

मेसेज सपशेल खोटा असता तर बरं झालं असतं, सोडून देता आला असता. पण मेटारायझियम नावाची बुरशी गोचिडीला खरोखर मारते. कुठे मारते, किती दिवसांनी मारते आणि केव्हा अजिबात मारत नाही, एवढंच मेसेजमध्ये नसतं. त्यामुळे माणसं पाकीट आणतात, गाईच्या अंगावर फवारतात, दुसऱ्या दिवशी गोचिडी जशाच्या तशा बघून बुरशीच्या नावाने बोटं मोडतात. माझं म्हणणं थोडक्यात असं: ही बुरशी गोठ्याचं औषध आहे, गाईचं नव्हे. ते का, हे कळायला आधी गोचीड बघू.

गोचीड असते कुठे?

गोचीड कीटकांत मोडत नाही, ती कोळी-विंचवाच्या गोतावळ्यातली. मोठीला आठ पाय, अंड्यातून नुकत्या निघालेल्या पिल्लाला सहा. अंडं, पिल्लू, मधली अवस्था म्हणजे निम्फ आणि प्रौढ गोचीड असे चार टप्पे. अंडं सोडलं तर प्रत्येक टप्प्यावर रक्त लागतं.

आपल्याकडे गाई-म्हशींवर सर्रास दिसते ती ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस. ही पिल्लू असताना गाईवर चढते, तिथेच दोनदा कात टाकते आणि साधारण तीन आठवड्यांत मादी रक्त पिऊन टम्म होऊन खाली गळून पडते. पुढचा प्रकार बॅटरी घेऊन बघण्यासारखा असतो. गव्हाणीच्या दगडांमधली फट, भिंतीचा पोपडा सुटलेली जागा, खुंट्याचं बूड, वाळल्या शेणाच्या थराखालची माती, अशा अंधारी आणि ओलसर जागी ती सरपटत जाते आणि अंडी घालायला लागते. तपकिरी, चकचकीत, एकमेकांना चिकटलेली अंडी, दोन-तीन हजारांच्या घरात. अंडी घालून झाली की मरते. पुंजक्याशेजारी तिचं सुरकुतलेलं, रिकामं अंग पडलेलं सापडतं. काही आठवड्यांनी पिल्लं निघतात, भिंतीवर किंवा गवताच्या काडीवर चढतात आणि पुढचे पाय हवेत धरून बसतात. त्या पायांवर श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब हेरणारं इंद्रिय असतं. जनावर जवळून गेलं की चिकटायचं.

गोचीडताप पसरवणारी हायलोमा आणि माकडताप पसरवणारी हिमाफायसॅलिस या जातींचं आयुष्य आणखी जमिनीवरचं. एका जनावरावर पोट भरलं की त्या खाली उतरतात, कात टाकतात आणि पुढच्या खेपेला दुसरं जनावर गाठतात. म्हणजे गाईच्या कानात, आचळाजवळ, शेपटीखाली जेवढ्या गोचिडी दिसतात त्यापेक्षा कितीतरी जास्त फटीत, कुरणात आणि पाचोळ्यात असतात. आपण मारतो त्या दिसणाऱ्या.

औषधं आहेत की, मग बुरशी कशाला?

डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, अमिट्राझ, टोचायचं आयव्हरमेक्टिन, सगळी आहेत आणि लागू पडली तर झपाट्याने लागू पडतात. अडचण त्या ‘तर’ची आहे. भारतात अनेक राज्यांत गोचिडी डेल्टामेथ्रिन आणि सायपरमेथ्रिनला दाद देईनाशा झाल्याचं तपासण्यांत दिसलं आहे. कारण गूढ नाही. आपण औषध अंदाजाने पातळ करतो, अंगभर भिजेल असं लावत नाही, गोठा तर सोडूनच देतो. ज्या गोचिडी थोड्याफार चिवट होत्या त्या वाचतात आणि हजारोंनी अंडी घालतात. दोन-तीन वर्षं असंच चाललं की दुकानदार आणखी जहाल बाटली काढून देतो.

शिवाय दूध आहे. आयव्हरमेक्टिन टोचलं की ते दुधात उतरतं, म्हणून दुभत्या जनावराला ते देताना डॉक्टर हात आखडता घेतात. देतात तेव्हा दूध किती दिवस घालायचं नाही ते सांगतात, ते किती पाळलं जातं हा वेगळा विषय.

बुरशी या दोन्ही अडचणींना बगल देते. रासायनिक औषध बहुधा गोचिडीच्या मज्जातंतूंमधल्या एखाद्या ठरावीक जागी घाव घालतं, तेवढी जागा बदलली की गोचीड सुटली. बुरशी एकाच वेळी अनेक बाजूंनी चालून येते, त्यामुळे तिच्याविरुद्ध टिकाव धरायला गोचिडीला बरंच काही एकदम बदलावं लागतं. अशक्य नाही, पण सोपंही नाही.

बुरशी आत शिरते कशी?

या कामाच्या दोन बुरश्या मुख्य: मेटारायझियम आणि बिव्हेरिया. शेतकऱ्यांना दोन्ही नावं नवी नाहीत. उसातल्या हुमणीसाठी आणि भाजीपाल्यावरच्या किडींसाठी त्यांची पाकिटं कृषी सेवा केंद्रात मिळतात. पाकिटात असते ती या बुरशीचे बीजाणू मिसळलेली भुकटी. बीजाणू म्हणजे बुरशीचं बी, डोळ्यांना न दिसण्याइतकं बारीक.

जिवाणू किंवा विषाणूला अंगात जायला तोंड, जखम किंवा श्वासाची वाट लागते. बुरशीला काहीच लागत नाही, ती थेट कातडीतून शिरते. बीजाणूचं बाहेरचं आवरण पाण्याला नाखूष आणि मेणाला धार्जिणं असतं. गोचिडीच्या अंगावरही मेणचट थर असतो, तिथे बीजाणू चिकटतो. पुरेशी ओल मिळाली की त्याला कोंब फुटतो. कोंबाचं टोक फुगून कातडीला घट्ट बसतं आणि तिथून बारीक खुंटी आत घुसायला लागते. निम्मं काम जोराचं, निम्मं पाचक रसांचं. गोचिडीचं कवच प्रथिनं आणि कायटिन नावाच्या चिवट पदार्थाचं असतं. बुरशी प्रथिनं विरघळवणारा, चरबी विरघळवणारा आणि कायटिन विरघळवणारा असे वेगवेगळे रस सोडत वाट काढते.

गोचिडीलाही बचाव आहेत. तिच्या कातडीवरच्या तेलकट स्रावांत बुरशीला रोखणारे घटक असतात आणि ते जातीजातीत कमीजास्त असल्यामुळे काही जाती लवकर मरतात, काही तग धरतात. आणि बुरशी आरपार जायच्या आत गोचिडीने कात टाकली, तर बीजाणू त्या कातीबरोबर बाहेरच राहतात.

एकदा आत पोहोचली की बुरशी धागे सोडून सुट्या पेशींच्या रूपात गोचिडीच्या रक्तात वाढते, तिथलं अन्न खाते, विषारी द्रव्यं सोडते. रक्तात पहारा करणाऱ्या पेशी असतात, त्या परक्याला गिळतात किंवा घेरून टाकतात. किड्यांवरच्या अभ्यासात असं दिसलं की मेटारायझियम आत गेल्यावर स्वतःभोवती एक प्रथिनाचं पांघरूण घेते आणि त्या पहारेकऱ्यांच्या नजरेतून सुटते.

गोचीड मंदावते, खाणं सोडते आणि साधारण आठवडाभरात, कधी त्याहून उशिरा मरते. मेल्यावर हवा दमट असेल तर बुरशी सांध्यांतून बाहेर पडते आणि मढ्यावर लव चढते. बिव्हेरिया पांढरी, मेटारायझियम आधी पांढरी, मग बीजाणू पिकले की हिरवी. हवा कोरडी असेल तर लव येत नाही, नुसती वाळकी गोचीड राहते, आणि माणसाला वाटतं बुरशी लागलीच नाही. जी मादी मरण्याआधी अंडी घालते तिचीही अंडी कमी होतात आणि त्यातली बरीच फुटत नाहीत. माझ्या मते खरा फायदा इथेच आहे. एक मादी मेली की एक गोचीड कमी, तिची अंडी वाया गेली की हजारो कमी.

हे आताचं खूळ तर नाही ना?

१८३५ मध्ये इटलीत अगोस्तिनो बासी यांनी रेशमाचे किडे पांढरे पडून मरतात ते बुरशीमुळे, हे दाखवून दिलं. सूक्ष्म जीवामुळे प्राण्याला रोग होतो याच्या पहिल्या पुराव्यांपैकी हा एक. त्या बुरशीला पुढे त्यांचंच नाव मिळालं, बिव्हेरिया बॅसियाना. १८७९ मध्ये ओडेसाकडे इल्या मेच्निकोव्ह यांना गव्हाची नासाडी करणाऱ्या भुंगेऱ्यांवर हिरवी बुरशी सापडली, आणि ती वाढवून किडीवर सोडता येईल असं त्यांनी सुचवलं. तीच मेटारायझियम. गंमत अशी की या मेच्निकोव्हना १९०८ चं नोबेल मिळालं ते परक्याला गिळणाऱ्या, वर सांगितलेल्या त्या पहारेकरी पेशींच्या कामासाठी.

आज ब्राझीलमध्ये उसाच्या तुडतुड्यासारख्या किडीवर मेटारायझियम फार मोठ्या क्षेत्रावर वापरतात. २०२० मध्ये सोमालियात टोळधाडीवर तिचीच एक जात फवारली गेली. नैरोबीच्या ‘इसिपे’ या संस्थेने गोचिडींवर बरंच काम केलं आहे. तिथल्या संशोधकांनी एका जातीच्या गोचिडीला तिच्याच गंधाने आणि कार्बन डायऑक्साइडने एका जागी बोलावून तिथे बुरशी लावून ठेवायचा सापळाही करून पाहिला. रान फवारण्याऐवजी गोचिडीलाच बुरशीकडे आणायचं, ही कल्पना मला तरी फार आवडली.

मग गाईच्या अंगावर फवारू की नको?

फवारून गाईला सहसा इजा होणार नाही, पण पैसे बहुधा वाया जातील. मेटारायझियम आणि बिव्हेरिया २५ ते ३० अंशांत जोमाने वाढतात, ३५ च्या पुढे बहुतेकांची वाढ मंदावते किंवा थांबते. गाईच्या शरीराचं तापमान साडेअडतीसच्या आसपास, आणि गोचीड बसते ती जांघेत, कानात, आचळाजवळ, म्हणजे अंगाच्या उबदार जागी. शिवाय गाय दिवसभर उन्हात उभी राहते, आणि उन्हातले अतिनील किरण बीजाणू मारायला काही तास पुरतात. तेलात कालवलेले बीजाणू थोडे जास्त टिकतात आणि आफ्रिकेत अंगावर लावून चांगले निकाल आलेलेही आहेत, पण ते निवडून काढलेल्या, उष्णता सोसणाऱ्या वाणांचे. दुकानातल्या पाकिटात तोच वाण असेल असं धरून चालू नये.

उलट गोठ्याची फट बघा. ऊन नाही, ओल आहे, तापमान बेताचं, आणि अंडी घालायला आलेली मादी तिथेच. बुरशीला हवं ते सगळं एका जागी.

आणखी एक. गाईला गोचीडताप आलाच असेल, लसिकाग्रंथी म्हणजे कातडीखालच्या गाठी सुजल्या असतील, ताप उतरत नसेल किंवा लघवी लाल होत असेल, तर बुरशी, हळद, कडुलिंब काहीही करत न बसता डॉक्टरला बोलवा. बुरशीचा संबंध गोचिडीशी. गाईच्या रक्तात गेलेल्या जंतूशी तिला काही देणंघेणं नाही.

प्रयोगशाळेत मरतात, गोठ्यात का मरत नाहीत?

प्रयोगशाळेत गोचीड बीजाणूंच्या पाण्यात बुडवतात आणि दमट, २५-२७ अंशांच्या पेटीत ठेवतात. तिथे मरण्यावाचून तिला गत्यंतर नसतं. गोठ्यात ती सोय कुणी करून देत नाही. बुरशीचं हे विरजणासारखं आहे: दूध तेच, विरजण तेच, पण थंडीच्या रात्री भांडं उघड्यावर राहिलं की सकाळी दही लागलेलं नसतं, आणि दोष कुणी विरजणाला देत नाही. एप्रिलमध्ये भर दुपारी, पत्र्याच्या तापलेल्या गोठ्यात बीजाणू मारले तर तसंच होणार. पावसाळा आणि त्यानंतरचे ओलसर आठवडे, संध्याकाळची वेळ, आणि पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा एक हात, कारण अंडी नंतरही फुटत राहतात.

मोठ्या प्रमाणावर कुणी करून पाहिलं आहे का?

पाहिलं आहे, आणि निकाल बुरशीचा उदोउदो करणाऱ्यांना रुचणारा नाही. अमेरिकेत गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम रोगाचं निदान आणि उपचार वर्षाला पावणेपाच लाखांच्या आसपास लोकांवर होतात. न्यूयॉर्क राज्यातल्या डचेस काउंटीत २०१७ पासून चार वर्षं २४ वस्त्यांमध्ये प्रयोग झाला. काही वस्त्यांच्या अंगणांत मेटारायझियमची फवारणी, काहींत उंदरांच्या अंगाला गोचीडनाशक लागेल अशा पेट्या, काहींत दोन्ही, आणि काहींत नुसतं पाणी आणि रिकाम्या पेट्या. आपल्याकडे काय आलं आहे हे रहिवाशांना सांगितलेलं नव्हतं.

२०२२ मध्ये निकाल छापून आला. गोचिडी कमी झाल्याचा संबंध पेट्यांशी दिसला. पाळीव कुत्र्या-मांजरांमधले गोचिडीचे आजार उपायांमुळे घटले. माणसांमधल्या आजारांत मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. माणसाला गोचीड नेमकी स्वतःच्या अंगणातच चावते असं थोडंच आहे.

हा प्रयोग अंगणातला, थंड हवेतला आणि निराळ्या गोचिडीवरचा. आपल्या गोठ्याला तो जसाच्या तसा लागू होत नाही. पण ‘मुळासकट जाईल’ म्हणणाऱ्याला दाखवायला उपयोगी आहे.

माकडतापावर चालेल का?

माकडताप १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली तेव्हा लक्षात आला. विषाणू ओळखला पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था. २०१६ मध्ये सिंधुदुर्गात मोठी साथ आली. माणसाला हा ताप मुख्यतः देते ती हिमाफायसॅलिस गोचिडीची निम्फ, खसखशीच्या दाण्याहून थोडी मोठी, चावली तरी कळत नाही. ती नोव्हेंबरपासून मेपर्यंत सक्रिय असते आणि नेमकं तेव्हाच काजूच्या बागांत माणसं पाचोळ्यात हात घालून बोंडं गोळा करत असतात.

आता कॅलेंडर बघा. निम्फचा हंगाम कोरडा, बुरशीचा हंगाम ओला. मार्चमध्ये वाळक्या पाचोळ्यावर बीजाणू फवारून फार काही हाती लागेल असं मला वाटत नाही. या जातीच्या प्रौढ गोचिडी पावसाळ्यात असतात आणि त्यांना पोसतात ती जंगलात चरायला जाणारी गुरं. म्हणजे बुरशीला काही वाव असेलच तर तो पावसाळ्यात, गुरांच्या वाटा आणि बसायच्या जागांवर. आणि अख्खं जंगल फवारणं हा विषयच नाही. पाचोळ्यात गोचिडींशिवाय शेकडो जातींचे किडे राहतात.

माकडतापाची जुनी लस गुण कमी पडतो म्हणून थांबवली गेली आहे आणि नवीवर काम चालू आहे. तोवर बागेत जाताना अंगाला गोचीड पळवणारं तेल, पूर्ण बाह्या, आल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि माकड मेलेलं दिसलं की हात न लावता आरोग्य केंद्राला कळवणं, यावरच भिस्त आहे.

माणसाला, मधमाशीला काही होईल?

आपलं ३७ अंशांचं शरीर या बुरश्यांना मानवत नाही. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या माणसांत किंवा डोळ्याला जखम झालेली असताना संसर्ग झाल्याच्या क्वचित नोंदी आहेत, आणि भुकटी नाकात गेली तर ॲलर्जी होऊ शकते. तोंडाला रुमाल, डोळ्याला चष्मा, एवढी काळजी घ्या.

खरी सावधगिरी रेशीमवाल्यांची. बिव्हेरिया रेशीमकिड्यांचा जुना काळ आहे, बासींनी ती पाहिली तीच मुळी तिथे. बीड-जालन्याकडे घरात गोठाही आहे आणि शेजारी तुतीही, अशा ठिकाणी बिव्हेरिया आणूच नका, आणि मेटारायझियमही संगोपनगृहापासून लांब ठेवा. मधमाश्यांच्या पेट्या जवळ असतील तर त्यांच्यावर फवारा उडू देऊ नका.

पाकीट घेताना

पाकिटावर पीक आणि कीड छापलेली असते. तिथे गोचीड लिहिलेली नसेल तर दुकानदाराच्या शब्दावर न जाता पशुवैद्यकाला विचारून वापरा. सीएफयू नावाचा आकडा बघा, म्हणजे ग्रॅममागे वाढू शकणारे बीजाणू किती. चांगल्या भुकटीत तो १० कोटींच्या आसपास किंवा वर असतो. त्यापेक्षा महत्त्वाची मुदतीची तारीख, आणि तिच्याहून महत्त्वाचं ते पाकीट दुकानात कुठे ठेवलं होतं. उन्हाळाभर पत्र्याखालच्या फळीवर राहिलेल्या पाकिटात भुकटी असते, बुरशी असेलच असं नाही.

फवारण्याआधी शेण आणि जुना चारा काढा, मोठ्या फटी सिमेंटने बुजवा. बुजवलेल्या फटीला कुठलंच औषध लागत नाही. राहिलेल्या फटी, खुंटे, गव्हाणीखालची जागा, भिंतीचा खालचा हात-दोन हात भाग ओला होईल असं मारा. त्या आठवड्यात फिनेल, ब्लीचिंग पावडर, चुन्याचा हात यांपैकी काही नको, नाहीतर गोचिडीच्या आधी बुरशीच मरेल. आणि पंप द्राक्षावर किंवा टोमॅटोवर बुरशीनाशक मारलेला असेल तर आधी दोन-तीनदा विसळून घ्या.